‘सामाईक भिंत’ची शेवटची सोळा पानं

सोलापूरला चार दिवसांची रजा काढून गेले होते असं सांगितलं, की माणसं आधी विचारतात, कुणाचं लग्न होतं का? नव्हतं. मग देवाला? तेही नाही. चादरी घ्यायला? चादरी घेतल्या, चांगल्या दोन घेतल्या, पण चादरींसाठी कोण नाशिकहून सोलापूरला जातं? मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. साहेबांनी रजेचं कारण विचारलं तेव्हा अर्जावर ‘घरगुती’ असं लिहून मोकळी झाले.

खरं कारण लिहिलं असतं तर साहेबांनी मातीबरोबर मलाही तपासायला पाठवलं असतं. एका कादंबरीचा शेवट नेमका काय, यावरून माझं आणि वाणीचं सहा वर्षं भांडण चालू होतं. ते एकदाचं निकालात काढायला आम्ही दोघी निघालो होतो.

वाणी म्हणजे माझी जोडीदार. नऊ वर्षं झाली आम्हाला एकत्र राहायला लागून. ती शाळेत गणित शिकवते. मी माळशिरसची, उसाच्या रानातली. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या तेलुगू घरातली. जिल्हा एकच, पण आमची गाठ पडायला नाशिक लागलं. आमच्या घरी सोलापूर म्हणजे कोर्टाच्या तारखेचं गाव. वडील तिथून यायचे ते कावलेलेच यायचे, त्यामुळे मला लहानपणी ते शहर बघावंसं कधी वाटलं नाही.

कादंबरीचं नाव ‘सामाईक भिंत’. जुनी आहे, आता कुणी छापत नाही. लिहिणाऱ्या बाईंनी टोपणनाव घेतलंय. उषा शाळेत शिकवते, कमल कपडे शिवते. दोघींची घरं शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. दोघींचा एकमेकींवर जीव जडतो आणि एक दिवस त्या गवंडी बोलावून भिंतीत दार पाडून घेतात. मी हे विसाव्या वर्षी वसतिगृहात वाचलं, पुस्तक उशीखाली ठेवून. तोवर मला वाटायचं, हे जे काही आहे ते जगात मला एकटीलाच झालंय. आपल्यासारख्या आणखी दोघी आहेत, कागदावरच्या का होईना, हे कळल्यावर मी खोलीचं दार लावून रडले होते. त्या लेखिकेचे पाय धरावेत असं तेव्हा वाटलं होतं, अजून वाटतं.

पण शेवट! कमलचं घर तिच्या भावाच्या नावावर असतं. तो ते विकतो. कमलला बोचकं घेऊन निघावं लागतं. नवा मालक ते दार विटांनी बुजवतो आणि उषा अलीकडे बसून गवंड्याच्या थापीचा आवाज ऐकत राहते. संपलं पुस्तक. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. त्या थापीनं मला असं काही घाबरवून सोडलं, की पुढं दहा वर्षं मी कुठल्या बाईकडे मान वर करून बघितलं नाही.

वाणीनं तीच गोष्ट चौदाव्या वर्षी ऐकली. वाचली नव्हे, ऐकली. तिची पिन्नी, म्हणजे मावशी, विड्या वळायला बसलेल्या बायकांना वाचनालयातली पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची. पुस्तक मराठी आणि ऐकणाऱ्या तेलुगू, म्हणून वाचता वाचताच तेलुगूत सांगत जायची. तिच्या गोष्टीत भाऊ नाही आणि वीटही नाही. उषा आणि कमल एका घरात येतात, दुसरं घर भाड्यानं देतात, भाड्यातून पिकोची मशीन घेतात आणि दोघी सुखानं म्हाताऱ्या होतात. म्हणूनच बाईसाहेब एवढ्या धीट. ओळख झाल्यावर तिसऱ्या महिन्यात तिनंच मला विचारलं होतं, एकत्र राहायचं का? इतक्या सहज विचारलं, की मला वाटलं खोलीचं भाडं वाचवायला बघतेय.

सहा वर्षांपूर्वी पुण्यात रद्दीच्या दुकानात मला हे पुस्तक सापडलं. नाचत घरी आणलं. वाणीनं शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि सांगितलं, की ही आवृत्ती चुकीची आहे. गणिताची बाई. तिच्या मते उत्तर आधीच ठरलेलं होतं.

आता दुसरं काम, आणि खरं मोठं तेच. वाणीची आई लवकर गेली. तिला पिन्नीनं वाढवलं. पिन्नीला मी ‘बरोबर राहणारी मैत्रीण’ एवढीच माहीत होते. माझ्या घरी सांगून झालेलं आहे. मी माळशिरसला दिवाळीला जाते, जेवते, आणि त्या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. वाणी मात्र नऊ वर्षं पिन्नीला सांगायचं ठरवत होती आणि दर वेळी नुसतीच जाऊन परत येत होती. यंदा पिन्नीच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. वाणी म्हणाली, या खेपेला तू पण चल, या खेपेला सांगते. पिन्नीनं दार लावलं असतं तर तिला जगात दुसरं माहेर नव्हतं. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, म्हणून गाडीत आम्ही फक्त कादंबरीवरून भांडत गेलो.

नवी पेठ, शुक्रवार

आधी वाचनालय शोधायचं ठरलं. पिन्नी ज्या प्रतीतून वाचायची ती प्रत डोळ्यांनी बघायची, मग काय तो न्याय. नवी पेठेत शिरलो आणि दहाव्या मिनिटाला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उन्हात एका पायानं फरफटत मी साड्यांच्या दुकानांपुढून चालले होते आणि वाणी रिक्षावाल्यांना चुकवत पुढं. शेवटी नव्या चपला घेतल्या. दुकानदारानं गाव विचारलं. माळशिरस म्हटल्यावर तो खुलला आणि कालव्याला पाणी सुटलं का, म्हणून चौकशी करत बसला. नाशिकमध्ये मला कुणी असं विचारत नाही. बरं वाटलं.

वाचनालय एका बोळात, कापडाच्या दुकानाच्या डोक्यावर निघालं. सत्तरी ओलांडलेले एक काका टेबलाशी बसून पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालत होते. वाणीनं पिन्नीचं नाव सांगितलं, नरसम्मा. काकांना क्षणभरही आठवावं लागलं नाही. पूर्व भागातल्या, दर आठवड्याला एक पुस्तक न्यायच्या, फाडायच्या नाहीत, दुमडायच्या नाहीत, फक्त पुस्तक परत यायचं ते तंबाखूचा वास घेऊन. बाकीचे वर्गणीदार तक्रार करायचे. मग काकांनी युक्ती काढली. नरसम्मांकडून आलेलं पुस्तक ते चार दिवस खिडकीत वाळवायचे आणि मगच दुसऱ्याला द्यायचे.

त्यांनी शिडी लावून ‘सामाईक भिंत’ काढली. वाणीनं ती घेतली, आधी नाकाला लावली आणि मग मागून उघडली. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी डकवलेली होती. त्यावर शाईनं लिहिलं होतं, ‘या पुस्तकाची शेवटची सोळा पाने नाहीत. वाचकांनी तक्रार करू नये.’

काका म्हणाले, विकत आणलं तेव्हापासूनच नाहीत, बांधणीतच राहून गेली. परत पाठवायचं होतं, पण तेवढ्यात कुणी तरी वाचायला नेलं आणि मग ते फिरतच राहिलं. पुस्तक तिथं तुटत होतं, जिथं कमल नव्या दारातून उषाकडे येते आणि विचारते, चहा टाकू का? तिच्या पुढं पुठ्ठा.

वाणी स्टुलावर बसली. सहा वर्षांचं भांडण मी जिंकले होते. मी पुष्कळदा मनात ठरवलं होतं, की जिंकले तर हिला कशी चिडवायची. पण तिचं तोंड बघून चिडवायचं राहूनच गेलं. मी काकांकडे पाणी मागितलं. काकांनी पाणी दिलं, वर खालून चहा मागवला, आणि एवढ्या लांबून आपली तुटकी पुस्तकं बघायला कुणी येतं याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की वाचनालयाचं पाहुण्यांचं शेरेबुक शोधून त्यात आमच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. मी मनापासून आभार मानले. वाणीनं नुसती सही केली.

संध्याकाळी उतरत्या उन्हात तिनं मला पूर्व भागातलं एक थिएटर दाखवलं. आता बंद आहे, दारावर गॅरेजवाल्याचे टायर टेकवलेत. तिथं पूर्वी तेलुगू चित्रपट लागायचे. त्यातला एक तिनं सात वेळा बघितला होता, एका गाण्यासाठी. लग्नाच्या आदल्या दिवशी नायिकेची मैत्रीण तिची वेणी घालते. अख्खं गाणं वेणी घालण्यातच जातं. मैत्रीण पेड सोडते आणि पुन्हा घालते, पुन्हा सोडते, म्हणजे वेळ लागावा. मग लग्न होतं आणि ती मैत्रीण पुढच्या चित्रपटात दिसतच नाही. पंधरा वर्षांची वाणी गाणं संपलं की उठून घरी जायची. नायक कसा नाचतो हे तिला आजही माहीत नाही.

मग मीही माझं सांगितलं, जे तिनं शंभर वेळा ऐकलंय. माळशिरसला गणपतीत ऑर्केस्ट्रा आला होता. पुरुष गायकाची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून त्याची गाणी त्यातल्या बाईंनीच म्हटली, शब्द न बदलता. हिरव्या साडीतली चांगली धिप्पाड बाई स्टेजवर उभी राहून एका मुलीच्या डोळ्यांची तारीफ गात होती आणि सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी तेव्हा आठवीत असेन. मला वाटलं, अरेच्चा, म्हणजे असं म्हणता येतं की! त्या बाई आज कुठं असतील कुणास ठाऊक. वेणीचं गाणं ज्यानं कुणी घातलं त्यालाही कल्पना नसेल, की टायर लावलेल्या या दारासमोर दोन चाळिशीच्या बाया त्याचे आभार मानत उभ्या आहेत.

वाणी लॉजवर परतताना एवढंच म्हणाली, “म्हणजे मी खोट्या गोष्टीवर उभी राहिले.” मी म्हटलं, उद्या पिन्नीला विचारू. तर म्हणाली, तेच तर, उद्या तिला सांगायचंही आहे.

पूर्व भाग, शनिवार

पिन्नीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं लांबलचक ओटा. शेजारच्या कारखान्यात माग खडखडत असतात, टॉवेल निघतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथं बोलणार कसं? तर सगळ्या बायका वरच्या पट्टीत बोलतात. पिन्नी सत्तरीची, बारीक, काटक, दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. तिनं माझा हात धरून मला ओट्यावर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, तुमी भाकरीवाल्या का भातवाल्या? मी भाकरी म्हटलं. तिला वाईट वाटलं, पण तिनं शेजारून ज्वारीचं पीठ मागवलं.

ओट्यावर पाच-सहा जणी सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या दोघींशी माझी गट्टी जमली. एक शेजारची पद्माक्का आणि दुसरी समोरची मेहरूनबी. मेहरूनबी दख्खनी बोलते, तेलुगू बोलते आणि मला समजावं म्हणून मधे मधे मराठीही. तेंदूचं पान साच्यावर कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं बघत राहावीत अशी चालतात आणि बाया बघतात भलतीकडेच. तिथं एक रीत आहे. जी वाचते तिचे हात अडकलेले, तिच्या विड्या कोण वळणार? म्हणून बाकीच्या जणी उठताना आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. पिन्नीनं तीस वर्षं वाचलं आणि तिचा दिवसाचा आकडा कधी कमी भरला नाही. आमच्याकडे पोथी वाचणाऱ्याला नारळ देतात. उसाच्या फडात कुणी कादंबरी वाचून दाखवील हे तर आमच्या गावात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. मला त्या ओट्याचा हेवा वाटला.

पिन्नीला आता दिसत नाही, म्हणून दोन वर्षं वाचन बंद आहे. मोबाइलवर मालिका लावतात. पद्माक्का म्हणाली, त्यात सगळ्या नुसत्या एकमेकींना विष घालतात, कंटाळा आला.

वाणीनं पिशवीतून आमचं पुण्याच्या रद्दीतलं पुस्तक काढलं. पिन्नीनं ते हातात घेतलं, पानांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, जाड झालंय. वाणीनं तिला तिथंच विचारलं, की शेवटची पानं नव्हती, मग शेवट तू कुठून आणलास?  मला वाटलं होतं, पिन्नी ओशाळेल, नाही तर काही तरी मोठं सांगेल. तसलं काही नाही.

“पानंच न्हवती की,” पिन्नी म्हणाली. “ह्या सगळ्या कात्र्या घेऊन बसलेल्या, पुढं काय, पुढं काय. मग सांगितलं मी. दोघी कमावत्या, दोघींचं लई पटतंय, मधी दार हाय. राहिल्या असतील की एकत्र. दुसरं काय करतील?”

  वीस वर्षं मी ज्या शेवटाला भीत होते, तो ह्या बाईच्या डोक्यातच आला नव्हता. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तरी एक गोष्ट मनातून जाईना. गोष्टीतल्या बायकांना घर मिळवून देणं सोपं असतं. आपण वाढवलेली पोरगी समोर बसून तेच म्हणाली तर?

मेहरूनबीनं विचारलं, मग खऱ्या पुस्तकात काय आहे? वाणी घाईनं म्हणाली, राहू दे. पण पिन्नीनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. “वाच. मी सांगते ह्यांना.”

मी वाचायला बसले. आधी तर तंबाखूच्या धुरळ्यानं मला शिंकांवर शिंका आल्या, अकरा मोजल्या पद्माक्कानं, आणि मग डोकं गरगरायला लागलं. मला ओट्याच्या वाऱ्याच्या टोकाला हलवण्यात आलं, लिंबाची फोड चोखायला दिली. मग जमलं. मी एक वाक्य मराठीत वाचायची, पिन्नी ते मागोमाग तेलुगूत सांगायची, आणि बायकांच्या माना हलायच्या. कमलनं चहा टाकला. चहा उकळला. आणि दारात भाऊ आला.

घर विकल्याचं वाक्य मी वाचलं आणि पिन्नी बोलायची थांबली. मी वर बघितलं. बायका म्हणत होत्या, मग? पुढं?  तेव्हा वाणीनं ते वाक्य उचललं. तिनं ते तेलुगूत सांगितलं, आणि राहिलेली सगळी पानं तिनंच सांगितली, जशीच्या तशी. बोचकं, विटा, थापी, सगळं. तिचा आवाज शाळेतल्या फळ्यासमोर असतो तसा स्वच्छ होता. 

मी पुस्तक मिटलं. वाणी मात्र थांबली नाही. त्याच सुरात ती तेलुगूत बोलतच राहिली. बायका ऐकत होत्या, त्यांना वाटलं गोष्टच चालू आहे. मला तेलुगू येत नाही. पण त्यात मी उषा ऐकलं, कमल ऐकलं, नाशिक ऐकलं, आणि मग माझं नाव ऐकलं, नंदा. पद्माक्काचा हात सुपात तसाच राहिला. मेहरूनबीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. मागांचा खडखडाट चालू होता म्हणून बरं, नाही तर माझं काळीज सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

पिन्नीनं विचारलं, “संपलं का?”

वाणी म्हणाली, संपलं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून कुणी तरी ओरडलं, पाणी आलं! त्या दिवशी पाण्याचा दिवस होता, चार दिवसांनी एकदा येतं. सुपं बाजूला, बाया उठल्या, आणि त्या क्षणी जगातली दुसरी कुठलीही गोष्ट महत्त्वाची राहिली नाही. पिंप, कळशा, बादल्या, पातेली, चहाची किटलीसुद्धा. मीही पदर खोचला. पाऊण तास मी पिन्नीच्या नळाशी उभी राहून कळशा भरून आत देत होते आणि पिन्नी त्या पिंपात ओतत होती. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वाणी न्हाणीत बादल्या लावत होती, तिच्याशीही नाही. नव्या चपला भिजून चपचप वाजायला लागल्या. एकदा वाणी माझ्याजवळून गेली तेव्हा हळूच म्हणाली, “बॅग भरू का?” मी म्हटलं, आधी पिंप भरू.

पाणी गेलं. पिन्नीनं हात पुसले आणि जेवणाची पानं घेतली. चिंचेचा पिवळा भात, त्याला तिथं पुलिहोरा म्हणतात, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी, आणि माझ्या पानात तेवढी भाकरी. मला आधी वाढलं. आमच्या गावात पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की आणखी वाढतात. इथं पिन्नी काही विचारायलाच तयार नव्हती. वाणी भाताशी नुसती खेळत होती.

पिन्नी माझ्यासमोर बसली. “नाशिकचं घर कुणाच्या नावावर हाय?”

मी गडबडले. माझ्या, म्हटलं. माझी सरकारी नोकरी, म्हणून कर्ज माझ्या नावानं निघालं आणि घरही माझ्याच नावानं झालं. वाणीनं कधी विचारलं नाही आणि मी कधी विचार केला नाही.

“हिचं नाव?”

नाही, म्हटलं.

“तुला भाऊ हाय?”

आहे, म्हटलं, माळशिरसला.

पिन्नीनं हातातला डाव पातेल्यात ठेवला. “मग ही कमलच की.”

 वीस वर्षं मी स्वतःला उषा समजत आले होते. थापीचा आवाज मला ऐकू येणार, दार माझं बुजणार, याचीच मला धास्ती. ज्या घरात आम्ही नऊ वर्षं एका ताटात जेवलो, तिथं बोचकं घेऊन निघायची पाळी वाणीवर येऊ शकते, आणि तशी व्यवस्था मीच सही करून ठेवलीये, हे एवढ्या शिकलेल्या माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. आणि दिसेनाशा झालेल्या डोळ्यांनी हे एका दुपारात बघणाऱ्या त्या बाईपुढं डोकं टेकवावंसं वाटलं.

पिन्नी मला बोलतच होती. “उद्या तुला काय झालं तर भाऊ येणार, कुलूप घालणार. ही कुटं जाणार? हितं? मी किती दिवस हाय? ते पुस्तक लिवणारी बाई शहाणी होती, तिनं बरोबर लिवलंय. माझंच चुकलं. घर कुणाचं ते मी बघितलंच न्हाय.” मग जरा थांबून म्हणाली, “मला दुसरं काय विचारायचं न्हाय. दोघींचं नाव घाल. आनि दिवाळीला दोघी हिकडं या.”

वाणी हुंदके द्यायला लागली. चौदा वर्षांच्या पोरीसारखी, भाताच्या हातानंच डोळे पुसत. पिन्नी तिला तेलुगूत रागवली. बहुतेक, जेवताना रडू नये असं काही तरी असावं, कारण वाणीनं मुकाट्यानं घास घेतला. मी भाकरी संपवली आणि आणखी मागितली. संध्याकाळी पद्माक्का आणि मेहरूनबी निरोप द्यायला आल्या. दोघींनी मला खण दिला, वाणीला दिला तसाच, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

नाशिक

परत येऊन अडीच महिने झाले. बँकेची परवानगी, वकील, मुद्रांक, चकरांवर चकरा. तेवढ्यात पिन्नीचं ऑपरेशन झालं, वाणी आठ दिवस तिच्याजवळ राहून आली. गेल्या बुधवारी बक्षीसपत्राची नोंदणी झाली. कार्यालयातल्या बाईंनी आम्हा दोघींचं नातं विचारलं. मी घसा खाकरत होते, तोवर वाणी म्हणाली, आम्ही एकत्र राहतो. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं, ‘मैत्रीण’ असं लिहिलं आणि आमचे अंगठे घेतले. वाणी कुरकुरली. मी म्हटलं, लिहू दे, पुढचं पान महत्त्वाचं.

घरी आल्या आल्या वाणीनं पिन्नीला फोन लावला आणि झालं म्हणून सांगितलं. पिन्नीचा एवढ्यावर विश्वास नाही. कागदावर काय लिहिलंय ते वाच म्हणाली, सगळं वाच, पानं गाळू नको. वाणी पाय पोटाशी घेऊन खाली बसली आणि वाचायला लागली. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, मजला, कशाचं तेलुगू करणार, पण करत होती. फोनमधून मागांचा खडखडाट येत होता. मग ते वाक्य आलं, सदर मिळकतीत दोघींचा निम्मा निम्मा समान हिस्सा राहील. वाणीनं ते आधी मराठीत वाचलं, मग तेलुगूत सांगितलं, आणि कागद मांडीवर ठेवला.

 मग पिन्नी बोलली, मला कळावं म्हणून मराठीत.

“ते परत वाच. जरा मोठ्यानं वाच, ह्या सगळ्या बसल्यात.”